काजळीची पिल्लं आणि माझा भाऊ

३ मार्च

ही वही बाईंनी काजळीसाठी दिली. पुढून काजळीचं वजन, खाणं, ताप. मी ती उलटी करून मागच्या पानापासून माझं लिहायला घेतलंय, वर्गात मुलं मागच्या पानावर फुली-गोळा खेळतात तसं. बाई भूगोल शिकवायच्या. त्यांना कळलं तर हातावर पट्टी बसेल.

काजळी म्हणजे त्यांची कुत्री. अंगावर केस नाही. डोक्यावर चार झुलपं, शेपटीच्या टोकाला गोंडा, बाकी नुसती कातडी, काजळ पुसल्याच्या रंगाची. पहिल्यांदा हात लावला तेव्हा दचकलो. माणसाच्या पाठीवर हात पडल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, सगळे दचकतात, मग कुणी हात काढत नाही.

मी चाळीस वर्षं लिफ्टचा मिस्त्री होतो. बाईंच्या शाळेची लिफ्ट माझ्याकडे होती. बायको गेल्यापासून चार वर्षं घरात भिंतींशी बोलत होतो. बाईंचे गुडघे गेलेत, त्यांनी विचारलं येता का मदतीला, आणि मी पासष्टाव्या वर्षी कुत्रीची सुईण व्हायला निघालो.

आज काजळीची सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण बाई आहेत, हात हलका. पडद्यावर सहा ठिपके दाखवले. चारांत काहीतरी लुकलुकत होतं. दोन गप्प होते. डॉक्टर म्हणाल्या, ही दोन येणार नाहीत, विरघळून जातील. बाईंनी नुसती मान हलवली, हे त्यांना आधीच माहीत असल्यासारखी.

६ मार्च

डॉक्टरांना विचारलंच, ती दोन का येणार नाहीत. त्यांनी समजावलं, मी माझ्या भाषेत लिहून ठेवतो.

प्रत्येक पिल्लाला दोन दोर असतात, एक आईकडून, एक बापाकडून. केसांच्या आणि दातांच्या कामाचा तो दोर. काजळीचा एक चांगला, एक तुटका. एका चांगल्या दोरावर लिफ्ट चालते, पण कुरकुरत. म्हणून केस नाहीत, दातही कमी. बाप तांबडा, तोही बिनकेसांचा, त्याचंही तेच. आता पिल्लाला दोन्हीकडून चांगला दोर आला तर ते केसाळ निपजतं. एक चांगला एक तुटका आला तर आईबापांसारखं बिनकेसांचं. दोन्ही तुटके आले तर लिफ्ट तळमजल्यावरून हलतच नाही. चारात एक असं जातं. म्हणजे या जातीत ज्याला ऐट म्हणून मिरवतात तो बिघाडच आहे, आणि दुप्पट झाला की मरण.

आईला कळतं का, मी विचारलं. कुत्रीला, म्हणजे. डॉक्टर म्हणाल्या, कळत नसावं.

आमच्या घरी एक आला होता आणि राहिला नाही. ते इथे लिहायचं नाही.

१९ मार्च

मुलगी येऊन गेली. सहावा महिना. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर नुसतं छत, दुपारी भिंतींना हात लाववत नाही. मानेवर ओला रुमाल टाकून बसते. जावई म्हणाला, हिला उकाडा अजिबात सोसत नाही, चार जिने चढली की तोंड लालबुंद, पण घाम पाठीवर कुठे आहे, कुठे नाही. मी म्हटलं, माझी लेक शोभते, आमची प्रकृतीच उष्ण.

दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. बत्तिसाव्या वर्षी तिचे दोन दुधाचे दात अजून जागेवर आहेत, खाली पक्के दात आलेलेच नाहीत. डॉक्टरला गंमत वाटली म्हणे. मीही हसलो. माझी कवळी बाविसाव्या वर्षापासून आहे. लिफ्टचा दोर सुटून तोंडावर बसला आणि दात गेले, ही गोष्ट ती लहान असताना रोज ऐकायची. दर वेळी दोर थोडा जाड व्हायचा.

८ एप्रिल

सकाळी दहापासून दोनपर्यंत. चार झाली. तीन बिनकेसांची, उकडलेल्या बटाट्यासारखी, आणि एक केसाळ, पांढरं शुभ्र. बाईंनी त्याचं नाव लगेच कापूस ठेवलं. तिघांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधले, लाल, हिरवा, निळा. काजळी एकेकाला चाटायची आणि मग बाळंतपणाच्या पेटीच्या कोपऱ्यात नाक घालून हुंगायची, पुन्हा चाटायची, पुन्हा कोपरा. बाई म्हणाल्या, जागा करतेय. मी कोपऱ्यात हात फिरवून बघितला.

१० एप्रिल

ही पिल्लं थंडीने मरतात. केस नाहीत, अंगातली ऊब टिकत नाही, म्हणून खोली बंद, वर दिवा, थर्मामीटरचा काटा बत्तीस अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. बाईंनी भिंतीवर कागद लावलाय. माझी पाळी दुपारी बारा ते पाच.

मला त्या खोलीत दहा मिनिटं बसवत नाही. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे. नोकरीत गच्चीवरच्या मशीनरूमला जायचं असलं की मी शर्ट नळाखाली धरून मग अंगात घालायचो. पोरं म्हणायची, मिस्त्री आंघोळ करून लिफ्ट दुरुस्त करतो. साहेब म्हणायचा, जरा घाम गाळा. मला आयुष्यात घाम आला नाही, आणि मी ती माझ्या हाताची सफाई समजत होतो.

पण आजचा त्रास उकाड्याचा नव्हता. खोलीत पिल्लांचे बारीक श्वास ऐकू येतात. मी डोळे मिटून मोजले. पाच आले. डोळे उघडून मोजली तर चार पिल्लं. काजळीचा श्वास वेगळा, जड असतो, तो मी धरला नव्हता.

११ एप्रिल

निळा दोरा गेला.

बाई गुडघ्यांच्या व्यायामाला गेल्या होत्या. मी खिडकी वीतभर उघडली. थोडा वेळ, असं ठरवलं होतं. वारा आत आला, मला बरं वाटलं, आणि मला वाटलं त्यांनाही बरं वाटत असेल. निळा सरपटत आईपासून लांब आला होता, खिडकीच्या बाजूला. पाहिलं तेव्हा गार होता. हातात घेऊन चोळला, शर्टाच्या आत धरला. अर्धा तास धरला.

बाई आल्या. उघडी खिडकी बघितली, मग माझ्याकडे. ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं.

१२ एप्रिल

बाईंनी निळ्याला बुटांच्या खोक्यात घालून मागच्या झाडाखाली पुरलं आणि आत येऊन दोन कप चहा केला. म्हणाल्या, "मिस्त्री, काटा वाचता न येणारे तुम्ही नाही. काय झालं ते सांगा."

मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही निम्मंच. आता सांगितलंच आहे तर इथेही लिहितो.

मी सात वर्षांचा होतो. भाऊ दहा महिन्यांचा. सगळे त्याला बाळ म्हणायचे, दुसरं नाव ठेवलंच नव्हतं. त्याला सकाळपासून ताप होता. उन्हाळा, छोटी खोली. वारा लागू नये म्हणून त्याला दोन गोधड्यांत गुंडाळलेलं. आई औषध आणायला गेली, मला शेजारी बसवून. मी खिडकी लावली. कडीचा गारवा अजून बोटांना आठवतो. बाळ आधी रडत होता, मग भराभर श्वास घेत होता, मग हळू. मला वाटलं झोपला. दिवे लागायच्या वेळी आई आली. त्याला हात लावला. मग सगळ्या शेजाऱ्यांसमोर विचारलं, "खिडकी कुणी लावली?" ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी म्हटलं, मी.

त्यानंतर आई तीस वर्षं जगली. मला मारलं नाही, रागावली नाही. घरात कुणीही खिडकी लावली की फक्त माझ्याकडे बघायची.

बाईंनी दोन्ही कप उचलून ठेवले. मग म्हणाल्या, उद्यापासून दुपारची पाळी माझी, तुम्ही सकाळी या, तेव्हा खोली सोसवेल. कामावरून काढलं नाही हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

१५ एप्रिल

आजचं नीट लिहायला हवं.

डॉक्टर पिल्लं बघायला आल्या. लाल, हिरवा आणि कापूस ठीक आहेत. मग काजळीचं तोंड उघडून आम्हाला दाखवलं. पुढचे दात पुढे झुकलेले, टोकदार, दाढांच्या जागी नुसती हिरडी. बिनकेसांच्या जातीत हे असंच, म्हणाल्या, एकाच दोराचं काम. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हटलं, मग आमची आणि काजळीची सोयरीक व्हायला हरकत नाही, आणि कवळी काढून तोंड उघडलं. माझे स्वतःचे सहा उरलेत, सहाही सुळ्यासारखे. शाळेत मला उंदीर म्हणायचे.

बाई हसल्या. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला उजेडात बसायला सांगितलं आणि टोपी काढायला लावली. माझ्या डोक्यावर जेवढे केस आहेत त्याहून जास्त कापूसच्या कानावर आहेत. भुवया नाहीतच. हे कधीपासून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पहिल्यापासून. दात कधी गेले? मी दोराची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "गेले नाहीत," मी म्हटलं. "आलेच नव्हते."

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला घाम येतो का?"

आणि मग, आईचे केस कसे होते? विरळ, एका बाजूला टक्कल, सदा रुमाल बांधलेला. दात? एका बाजूने चावायची. भावंडं? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, मी जनावरांची डॉक्टर, माणसाबद्दल माझं बोलणं पक्कं धरू नका. काजळीचा बिघाड वेगळा आहे, तो माणसात असा नसतो. पण कुत्र्यांत अजून एक बिघाड आहे, मोठ्या केसाळ जातीतही निघतो. त्यात नराच्या अंगावर केसांचे पट्टे उडतात, दात टोकदार, पंजांना घाम नाही. तोच दोर माणसातही आहे आणि तसाच तुटतो. मुलग्याला तो आईकडून येतो. बाईला त्या दोराची जोडी असते, एक तुटला तर दुसरा सांभाळून नेतो, थोडेफार केस जातात, एखादा दात. पुरुषाला तो एकच असतो.

मी विचारलं, आणि मूल असेल तर? तान्हं?

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. "घाम येत नाही ना, मिस्त्री. अंग तापलं तर निवायला वाटच नसते. ताप आला, आणि वरून गुंडाळून ठेवलं, तर." त्यांनी माझी टोपी मला परत दिली. मग म्हणाल्या, "खिडकी उघडी असती तरी त्या गोधड्यांत फरक पडला नसता बहुतेक."

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला होता. मला तो दिसत होता, लागत नव्हता.

निघताना दारात डॉक्टर वळल्या आणि म्हणाल्या, माणसांच्या डॉक्टरकडे लवकर जा. तुम्हाला मुलगी आहे ना?

१६ एप्रिल

कामावर गेलो नाही. पुरुषाला एकच दोर. मुलीला बापाकडून जो मिळतो तो हाच. दुसरा बापाकडे नसतोच.

३० एप्रिल

माणसांच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीला आयोडीन फासलं, वर पिठासारखी पूड शिंपडली आणि गरम खोलीत बसवलं. घाम आला की ती जागा काळीनिळी होते. वीस मिनिटांनी आरशात दाखवली. पाठ पिवळीच होती, रंग दिलेल्या भिंतीसारखी. तेवढ्यात मी चक्कर येऊन खुर्चीतून घसरलो, म्हणून दुसरी तपासणी करायची गरज पडली नाही, असं तेच हसत म्हणाले. रक्तही घेतलंय.

त्यांनी सांगितलं ते हे. मुलीकडे तो दोर नक्की आहे. तिला मुलगी झाली तर फार त्रास नाही. मुलगा झाला तर नाणं उडवल्यासारखं, निम्मी शक्यता. झालाच तसा मुलगा, तर पहिली दोन वर्षं जपायची, मग शिकतो आपलं आपण. तुम्ही शिकलातच की, म्हणाले. शर्ट भिजवून.

मी विचारलं, माझी पहिली दोन वर्षं कुणी जपली? 

४ मे

बाई रोज विचारतात, सांगितलंत का. रोज सांगतो, उद्या.

मला भीती कसली वाटते ते लिहून बघतो. तिला वाटेल बापाने फसवलं. ते खरंच आहे. ती रडेल, आणि आठव्या महिन्यात रडू नये म्हणतात. जावयाच्या घरचे म्हणतील, लग्नाआधी का नाही बोललात. आणि आणखी एक. एकदा हे तिला सांगितलं की बाळ माझ्या हातून गेला नाही असं ठरणार. मग ज्या माणसाला मी अठ्ठावन्न वर्षं ओळखतो तो कोण?

आज काजळीच्या खोलीत पुन्हा श्वास मोजले. पिल्लं तीन. आले चार.

९ मे

सांगितलं.

जेवणं झाल्यावर मी कवळी काढून टेबलावर ठेवली. मुलगी म्हणाली, बाबा, हे काय.

"दोर लागला नव्हता," मी म्हटलं. "कधीच लागला नव्हता."

बोळक्या तोंडाने सगळं सांगितलं. माझं, आईचं, बाळाचं, तिच्या दुधाच्या दातांचं, निम्म्या शक्यतेचं.  जावयाने तिच्यापुढे पाणी ठेवलं, तिने ते माझ्याकडे सरकवलं.

मग विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"चोवीस दिवस."

"चोवीस," ती म्हणाली. "कुत्रीच्या पोटात किती आहेत, जिवंत किती, मेलेली किती, हे तुम्ही मला फोन करून सांगितलं होतं बाबा. त्याच संध्याकाळी."

मी म्हटलं, घाबरलो होतो.

"मग मी पण घाबरले असते. दोघं मिळून घाबरलो असतो." ती उठून आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, तिची आई आपटायची.

जावई बसून राहिला. शांत माणूस आहे, छापखान्यात काम करतो, बोटांना सदा शाई. त्याने खिशातून कागद काढला आणि म्हणाला, मुलगा झालाच तर काय काय करायचं ते क्रमाने सांगा. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. तिसऱ्या ओळीवर त्याने थांबून शाईची बोटं शर्टाला पुसली. एकही अक्षर सुटू दिलं नाही.

१४ मे

मुलीने सकाळी फोन केला, एवढंच म्हणाली, अकरा वाजता या, डॉक्टरांनी तुम्हालाही बोलावलंय. बाप म्हणून नाही, नमुना म्हणून जातोय असं वाटलं. गेलो.

तिच्या पाठीलाही आयोडीन लावलं. मला बाहेर बसवलं होतं, पण मग तिनेच आत बोलावलं. म्हणाली, बघा तुम्हीच. पाठीवर काळेनिळे पट्टे उमटले होते, मणक्यापासून दोन्हीकडे वळत गेलेले, आणि मधेमधे पिवळे पट्टे, तसेच वळलेले. पाण्याने वाळूवर ओढलेल्या रेघांसारखे. काळे पट्टे तिच्या आईचे. पिवळे माझे. मी तिला खांद्यावर झोपवून पाठ थोपटायचो तेव्हाही ते असेच असतील.

मग डॉक्टरांच्या हाताखालच्या एका ताईंनी आमच्या घराण्याचा तक्ता काढला. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, तुटका दोर असला की आत रंग. माझा चौकोन भरला. आईचा गोल निम्मा. शेजारी भावाचा चौकोन काढला आणि त्यावरून तिरकी रेघ मारली. ताईंनी विचारलं, मृत्यूचं कारण?

उत्तर मुलीने दिलं, "उष्णता." ताईंनी ते लिहिलं. पेन कागदावर जेमतेम दोन सेकंद फिरलं.

आईला भाऊ होते का, असंही त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. आईच्या माहेरचं घरी कुणी बोलत नसे.

१५ मे

मावशीला फोन केला. आईची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी येतं पण आठवण शाबूत. भाऊ होते का विचारलं तर म्हणाली, दोन होते की. एक तान्हा गेला, एक चालायला लागल्यावर. दोघंही उन्हाळ्यात. तुझ्या आईच्याच मांडीवर, ती थोरली ना. आमच्या आईने तिला कधी माफ केलं नाही. म्हणून तुझ्या भावाचं झालं तेव्हा ती वेड्यासारखी झाली होती.

मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी खिडकी मी लावली होती.

मावशीला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "कुठली खिडकी रे? त्या खोलीची? ती तर छताला लागून होती. आकड्याची काठी होती ना, तिने ओढावी लागे. माझासुद्धा हात पुरत नसे."

मग मी स्टुलावर चढलो असेन.

१८ मे

त्या खोलीत स्टूल नव्हतं. एक खाट, एक पाळणा, पाण्याचा माठ. पुन्हा पुन्हा खोली डोळ्यांपुढे आणतो. कडीचा गारवा मात्र बोटांना नक्की आठवतो. दुसऱ्या कुठल्या कडीचा असेल.

मावशीला परत फोन करणार नाही. आई गेल्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तिच्या हातून तीन गेले. एकाचं ओझं तिने माझ्याकडे दिलं असेल, तर मी ते एवढी वर्षं उचललंच आहे. आता ते खाली ठेवायचं कुणाच्या दारात?

२ जून

लाल आणि हिरवा नव्या घरी गेले. कापूसला कुणी मागितलं नाही, लोकांना बिनकेसांचंच हवं असतं. बाई म्हणाल्या, मला तोच हवा होता. आता काजळीसारखीला तांबड्यासारखा बिनकेसांचा नर कधीच दाखवायचा नाही, केसाळच दाखवायचा. मग निम्मी बिनकेसांची, निम्मी केसाळ, पण पोटात विरघळून जाणारं एकही नाही. मी विचारलं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? हो, म्हणाल्या. माहीत होतं. केसाळ पिल्लं खपत नाहीत म्हणून. आणि माझ्याकडे न बघता भांडी घासायला लागल्या.

मुलगी अजून मोजकंच बोलते. पण काल दोघं सामान घेऊन माझ्याकडे राहायला आली. माझं घर तळमजल्यावर, मागची खोली सावलीची, फरशी दगडी. जावयाने पलंग भिंतीपासून दूर सरकवला आणि खिडकीचे गज पुसले. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने माझी कवळी ठेवायचा पेला स्वच्छ घासून न्हाणीघरातून बाहेर, सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय.

२१ जून

काल दुपारी बारा वाजता. मुलगा.

पाळण्यात वाकून बघितलं. भुवया नाहीत. जन्मताना बऱ्याच मुलांना नसतात, नर्स म्हणाली. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आम्हाला दोघांनाही रक्ताच्या कागदाची गरज नव्हती. तो पुढच्या आठवड्यात येईल.

११ जुलै

रक्ताचा कागद आला होता तेव्हा लिहिलं नाही. दोर आमचाच आहे, तुटका.

आज दुपारी दोनला त्याचं अंग तापलं. ताप नव्हे, बाहेर उकाडा होता आणि तो रडून रडून तापला. एकशे तीन.  विहीणबाई भेटायला आल्या होत्या, सवयीने शाल उचलली. जावयाने ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली आणि खिशातला कागद काढला, घडीवर विरलाय तो आता. एक एक ओळ मोठ्याने वाचत गेला. कपडे काढा. ओला पंचा, छातीवर आणि मांड्यांना. पंखा. दूध पाजत राहा. डॉक्टरांना फोन. मी पंचा पिळत होतो, मुलगी पाजत होती, विहीणबाई पंखा धरून उभ्या होत्या. निम्मं पाणी माझ्याच पायांवर सांडत होतं.

त्याचा श्वास भराभर चालला होता. तो मला ओळखीचा होता.

मुलीने कागदाच्या पाठीवर लिहिलं, एकशे तीन, मग एकशे एक, मग शंभर, मग नव्व्याण्णव. डॉक्टर फोनवर म्हणाले, झालं, आता आणायची गरज नाही, लक्ष ठेवा. तो झोपला. मी त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास मोजले. एकच येत होता. बराच वेळ मोजत राहिलो, दुसरा कुणाचा येतो का ऐकत. तो यावा असं वाटत होतं की नको, सांगता येणार नाही.

विहीणबाई आणि जावई बाहेर गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, काकाला पण असाच ताप होता का?"

कुणाबद्दल बोलतेय ते मला आधी कळलं नाही. दहा महिन्यांचा होता तो. नीट उभाही राहू लागला नव्हता. असता तर आज एकोणसाठचा असता, माझ्यासारखाच टोपी घालून, कवळीतून शिट्टी वाजत बोलणारा, आणि या घरात येऊन त्याने हिच्या हातचा चहा मागितला असता. काका. त्याला नात्याने कुणी हाक मारली नव्हती आजवर.

"असाच," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"सकाळपासून. दिवे लागेपर्यंत."

तिने हातातल्या कागदाकडे बघितलं. पहिल्या आणि शेवटच्या आकड्याशेजारी तिने वेळ लिहिली होती. मधे चाळीस मिनिटं होती.  बाळाच्या अंगावरचा पंचा वाळला होता, तो उचलून ती नळाकडे गेली, आणि पाणी बराच वेळ वाहत राहिलं.